फू वाचायला शिका : ताओ पंथाच्या ताइताची सामग्री आणि खूणभाषा

मावसभाऊ तैवानहून सुट्टीला आला तेव्हा त्यानं दोन वस्तू माझ्या हातावर ठेवल्या. एक लाल कापडाची, दोन पेरांएवढी शिवलेली पिशवी. दुसरा तिच्या जोडीचा सुटा कागद: पिवळा, पट्टीसारखा अरुंद, वरपासून खालपर्यंत लाल रेघांचा गुंता आणि त्यावर एका बाजूला जरासा फिसकटलेला चौकोनी शिक्का. "देवळात मिळाला, दारावर लावायचा असतो," एवढंच त्याला ठाऊक होतं. मी आठवडाभर तो कागद नुसता बघत बसलो. मोडी शिकायला बसलो होतो त्या पहिल्या दिवशीसारखंच झालं. सगळं एकाच दोरीचं वेटोळं दिसतं, आणि सुरुवात काही सापडत नाही.

सुरुवात सापडली ती हा कागद म्हणजे दरबारातून सुटलेला हुकूम आहे असं धरून वाचल्यावर. कुणाच्या नावानं निघाला, कुणाला उद्देशून, काम काय, मोर्तब कुठे, हे चार प्रश्न विचारायचे. मग गुंता आपोआप सुटत जातो. ज्या क्रमानं मी शिकलो त्याच क्रमानं इथे मांडतो.

पायरी १ : 'फू' या शब्दापासून सुरुवात करा

चिनी भाषेत या ताइताला 'फू' म्हणतात, आणि या शब्दाचा जुना अर्थ 'जोडखूण' असा आहे. एका वस्तूचे दोन तुकडे करायचे, एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. दोन्ही जुळले तर आलेला माणूस खरा. प्राचीन चीनमध्ये सैन्य हलवण्यासाठी काश्याचा छोटा वाघ वापरत. तो मधोमध उभा चिरलेला असे. अर्धा राजाकडे, अर्धा छावणीतल्या सेनापतीकडे. इ.स.पू. २५७ मध्ये वेई राज्याच्या शिनलिंग नावाच्या सरदारानं राजाच्या लाडक्या राणीकरवी राजाकडचा अर्धा वाघ चोरवला, छावणी गाठून सैन्याचा ताबा घेतला आणि वेढ्यात सापडलेली झाओ राज्याची राजधानी सोडवली.

ताओ पंथानं हीच रीत देवांशी लावली. अर्धी खूण पुरोहिताकडे आणि अर्धी स्वर्गाकडे, म्हणून फू दाखवला की देवाच्या हाताखालच्या फौजेला हलावंच लागतं. इ.स. १४२ मध्ये सिचुआनमधल्या डोंगरावर झांग दाओलिंग या गुरूला देवरूपातल्या लाओत्सेचं, म्हणजे ताओ पंथाच्या आद्य ऋषीचं, दर्शन झालं अशी परंपरा आहे, आणि तिथून जो पंथ उभा राहिला त्याचा कारभार अगदी कचेरीसारखा होता. आजाऱ्याच्या नावानं अर्ज लिहायचा तो तीन प्रतींत: आकाशाच्या अधिकाऱ्यासाठी डोंगरावर ठेवायचा, पृथ्वीच्या अधिकाऱ्यासाठी जमिनीत पुरायचा, पाण्याच्या अधिकाऱ्यासाठी पाण्यात सोडायचा. हा कचेरीचा स्वभाव मनात पक्का ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पायरी २ : अक्षरांआधी सामग्री तपासा

मजकूर वाचायची घाई करू नका. कागद, रंग, लाकूड आणि शिक्का यांतूनच निम्मा अर्थ कळतो.

कागद बहुधा पिवळा असतो. पंचतत्त्वांच्या चिनी हिशेबात पिवळा म्हणजे माती आणि मध्यदिशा, म्हणजे जिथून राज्य चालतं ती जागा. थांग काळात (सातवं ते दहावं शतक) बादशाही फर्मानंही पिवळ्या कागदावर निघत, आणि त्याचं कारण व्यवहाराचं होतं: पांढऱ्या कागदाला कसर लागते. जुना पिवळा रंग हुआंगबो नावाच्या झाडाच्या सालीतून काढत. त्या सालीत बर्बेरीन हे कडू द्रव्य असतं, आणि कीड त्यापासून लांब राहते. तेच द्रव्य आपल्या दारुहळदीतही आहे. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण दारुहळदीचा तो पिवळा मी लहानपणापासून ओळखतो. इतर रंगांचे फूही असतात. पूर्वेला निळा-हिरवा, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पांढरा, उत्तरेला काळा. घराच्या पाच दिशांना बसवायचा संच असेल तर पाच रंग दिसतील.

लाल रंग म्हणजे मुळात हिंगूळ, पारा आणि गंधक यांचं खनिज. चीनमध्ये हूनान प्रांतातल्या छनझोऊचा हिंगूळ इतका नावाजलेला की हिंगुळाचं एक नावच त्या गावावरून पडलं. खडा कुटतात, घोटतात, पाण्यात निवळून बारीक गाळ वेगळा करतात आणि थोडा डिंक-सरस घालून शाई करतात. लाल म्हणजे रक्त, सूर्य, जिवंतपणा. पण हिंगुळाच्या मानाचं आणखी एक कारण आहे. चौथ्या शतकातला ताओ विद्वान गे होंग लिहितो की हिंगूळ जाळला तर पारा होतो आणि पाऱ्याचे संस्कार करत गेलं तर पुन्हा हिंगूळ होतो. जळून गेलेली वस्तू परत मूळ रूपात येते हे ज्यांनी स्वतःच्या मुशीत पाहिलं, त्यांना तीच शाई मृत्यूविरुद्धच्या हुकुमाला योग्य वाटली, यात नवल नाही. शिवाय लाल शाईला अधिकाराचा वासही आहे. छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याचे बादशहा अर्जांवर शेरा मारत तो लाल शाईनंच.

लाकडांत पहिला मान पीचच्या लाकडाचा. कथा अशी: समुद्रातल्या दुशुओ पर्वतावर एक अवाढव्य पीचचं झाड होतं, त्याखाली शनशू आणि यूल्यू हे दोघे भाऊ भुतांची झाडाझडती घेत आणि दुष्ट निघेल त्याला लव्हाळ्याच्या दोरानं बांधून वाघापुढे टाकत. म्हणून नववर्षाला दाराच्या दोन्ही अंगांना पीचच्या फळ्या लावायची पद्धत पडली. पुढे फळीची जागा लाल कागदानं घेतली, आणि आज चिनी घरांच्या दारावर दिसणाऱ्या जोडओळींच्या पट्ट्या याच फळ्यांच्या वंशातल्या. डोंगरात राहायला जाणाऱ्यासाठी गे होंगची सूचना फार नेमकी आहे: पीचच्या फळीवर हिंगुळानं फू असा लिहावा की सबंध फळी भरून जाईल, आणि त्या फळ्या दारावर, चारी दिशांना, कोपऱ्यांना, वाटेच्या मोक्याच्या जागी, राहत्या जागेपासून पन्नास पावलांच्या आत लावाव्यात.

दुसरं लाकूड बोरवर्गातल्या चिनी खजुरी-बोराचं, आणि त्यातही वीज पडलेल्या झाडाचं. वीज ही दुष्टांना शासन करणारी देवशक्ती, तेव्हा जिला विजेनं हात लावला ती फांदी शिक्क्याला आणि पुरोहिताच्या हातातल्या हुकूमपट्टीला योग्य मानतात. बोराच्या गाभ्याचं दोन इंच चौरस लाकूड कोरून केलेल्या शिक्क्याचा उल्लेख गे होंगनंही केला आहे. तो आणखी एका शिक्क्याचं वर्णन देतो, चार इंच रुंद, एकशेवीस अक्षरांचा. ओल्या मातीवर त्याचे ठसे उठवून ते मुक्कामाच्या चारी बाजूंना शंभर शंभर पावलांवर लावले की वाघ-लांडगे आत शिरत नाहीत. लिहिलेल्या अक्षराच्या धाकावर एवढा विश्वास!

कुंचला नवा किंवा फक्त याच कामासाठी राखलेला असावा, एवढा दंडक. आपल्याकडे भूर्जपत्रावर यंत्र काढताना अष्टगंध आणि डाळिंबाच्या काडीची लेखणी सांगतात, त्याच जातीचा हा नेम आहे.

पायरी ३ : वरून खाली वाचा

आता कागद उभा धरा. फूचे भाग शरीराच्या अवयवांवरून ओळखतात: डोकं, पोट, काळीज, पाय.

अगदी वर तीन छोट्या खुणा दिसतील, तीन ठिपके किंवा शिक्षक उत्तरावर करतात तशा तीन 'बरोबर'च्या खुणा. हे तीन शुद्ध देव, सानछिंग: युआनशी, लिंगबाओ आणि लाओत्सेचं देवरूप दाओद. या खुणा काढताना म्हणायचं एक चालू वचन आहे: पहिल्या रेघेनं जग हलतं, दुसरी रेघ म्हणजे आद्यगुरूंची तलवार, तिसऱ्या रेघेनं दुष्ट शक्ती हजार कोस पळतात. आपल्या जुन्या पत्राच्या माथ्यावर 'श्री' असतो, त्या जागी हे तीन फटकारे.

त्याखाली 'छ-लिंग' ही दोन अक्षरं, मोठी आणि ठसठशीत. अर्थ: 'आज्ञा होते'. बादशहाच्या फर्मानाचीच ही भाषा. ही जोडी एकदा ओळखता आली की बहुतेक फूंची सुरुवात तुम्हाला सापडेल, म्हणून पहिले चार दिवस फक्त हीच शोधा.

मग ज्याच्या नावानं हुकूम निघाला त्या देवाचं नाव. माझ्या कागदावर 'स्वर्गातली पवित्र माता' आहे, म्हणजे खलाशांची देवी माझू; तैवानात तिची देवळं गावोगावी आहेत. इतर फूंवर सेनानी देव ग्वान गोंग भेटेल. त्याचं दर्शन मुंबईतही होतं: माझगावात सी यूप (दक्षिण चीनमधल्या चार तालुक्यांच्या) चिनी मंडळींनी १९१९ मध्ये बांधलेल्या देवळात वरच्या मजल्यावर तो बसलेला आहे.

नावाच्या दोन्ही अंगांना पुष्कळदा सूर्य आणि चंद्र ही अक्षरं असतात. सूर्य म्हणजे मधे एक आडवी रेघ असलेली चौकट. चंद्र उंच, दोन रेघांचा, एक पाय जरा बाहेर फेकलेला.

पोटात काम सांगितलेलं असतं: घराचं रक्षण, प्रवासात सुखरूपता, आजार उतरणं. माझ्या कागदावर 'पिंग-आन', क्षेमकुशल. आणि याच भागात, बहुधा इतर रेघांच्या खाली दडवलेलं, फूचं 'दान' असतं. दान म्हणजे पित्ताशय. चिनी भाषेत धैर्याचं ठिकाण ते. आपण वाघाचं काळीज म्हणतो तिथे ते पित्ताशय म्हणतात. मी त्याला काळीज म्हणतो. पुष्कळ वेळा ते 'गांग' हे अक्षर असतं, सप्तर्षींशी जोडलेलं. ते लिहून त्यावरून इतर फटकारे ओढतात आणि ते जाणूनबुजून झाकतात. वाचता येत नाही म्हणून नाराज होऊ नका. तिथे रेघा दाट आणि एकावर एक आलेल्या दिसल्या की 'काळीज इथे आहे' एवढं ओळखणं पुरेसं आहे.

शेवटी पाय, म्हणजे खाली सुटणारी वळणं. दोन, तीन किंवा पाच शेपट्या, कधी स्प्रिंगसारखी गुंडाळी. ही वळणं घराण्याची ओळख असते, सहीसारखी. फू संपवताना म्हणतात, आणि कधी कागदावर लिहितातही, ते वाक्य असं: 'जी जी रू ल्यू-लिंग'. मराठीत सांगायचं तर 'ताबडतोब, ताबडतोब, कायद्याबरहुकूम!' हान राजवटीतल्या (सुमारे इ.स.पू. २०० ते इ.स. २२०) साध्या सरकारी कागदांच्या शेवटी 'कायद्याबरहुकूम' हे ठरीव शब्द येत. दुसऱ्या शतकात ते थडग्यात ठेवायच्या मडक्यांवर मृतांच्या नावच्या हुकुमात आले आणि तिथून फूमध्ये कायमचे बसले. आपल्या पेशवाईतल्या पत्राच्या शेवटी 'मोर्तब सूद' वाचल्यावर जी खात्री पटते, तिचाच हा चिनी भाऊ.

शिक्का सगळ्यात शेवटी पाहा. पुष्कळदा त्यात चार अक्षरं असतात, 'दाओ, जिंग, शी, बाओ': मार्ग, ग्रंथ आणि गुरू ही तीन रत्नं. देवळाच्या नावाचाही शिक्का असतो. माझ्या कागदावरचा मजकूर छापील आहे, पण शिक्का हातानं मारलेला आहे. भिंगाखाली एका कडेला शाई जास्त, दुसरीकडे कागदाचा पोत उघडा. तेवढ्या फिसकटलेल्या कोपऱ्यामुळे मला तो कागद जिवंत वाटतो.

पायरी ४ : तीन खुणा घोटून ठेवा

पहिली, मेघगर्जना. वर 'पाऊस': आडवी रेघ, तिच्याखाली खिडकीसारखी चौकट आणि चौकटीत चार थेंब. खाली 'शेत': चार खणांचा चौकोन. पावसाखाली शेत म्हणजे गडगडाट. सोंग काळापासून (दहावं ते तेरावं शतक) ताओ विधींत वज्रविधींचा, म्हणजे मेघगर्जनेची शक्ती बोलावणाऱ्या विधींचा, जोर वाढला, म्हणून हे अक्षर पदोपदी दिसतं. नुसती पावसाची खिडकी डोक्यावर घेतलेली जोडाक्षरंही पुष्कळ असतात.

दुसरी, भूत. वर तुरा असलेली चौकट, खाली दोन पाय आणि उजव्या पायाशी बारीक आकडा. हे अक्षर दिसलं म्हणून दचकू नका, ते आरोपीचं नाव असतं. त्याच्या वर काय बसवलंय ते पाहा, पाऊस-गर्जना की तलवार. थांग काळात लोक दारावर 'ज्यान' हे अक्षरही लिहीत. माणूस मेला की भूत होतो, भूत मेलं की ज्यान होतं. माणूस भुताला भितो तसं भूत ज्यानला भितं. या तर्काचं मला अजून कौतुक वाटतं.

तिसरी, लहान गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. हे तारे. सात गोल दांड्याच्या पळीसारखे मांडलेले असतील तर ते उत्तरेचे सप्तर्षी, जे चिनी परंपरेत आयुष्याचा हिशेब ठेवतात. आपण ज्यांना ऋषी म्हणतो ते तिथे कारकून-अधिकारी आहेत.

पायरी ५ : खरा फू कसा घडतो ते समजून घ्या

आधी उपवास आणि शुचिर्भूतपणा. वेळ बहुधा रात्री ११ ते १, जुना दिवस मावळून नवा उगवण्याची. उदबत्ती लावून गुरुपरंपरेला आवाहन, मग मन, मुख आणि देह शुद्ध करणारे मंत्र, मग पाणी, कागद, शाई आणि कुंचला यांना वेगवेगळी आज्ञा. त्यानंतर श्वास रोखून, एका दमात, न थांबता फू काढतात. मोडी लिहिणाऱ्याला हे पटकन कळेल: हात उचलला की अक्षराचा ओघ तुटतो. इथे ओघ तुटला तर कागदच बाद. गिरवणं, दुरुस्ती, खाडाखोड चालत नाही. बाद कागद मानानं जाळतात. शेवटी शिक्का, आणि धुपाच्या धुरावरून तीनदा फिरवणं.

पण हे सगळं करायचा अधिकार लागतो. दीक्षा घेताना पुरोहिताला 'लू' मिळते, म्हणजे त्याच्या हाताखाली दिलेल्या देवसैनिकांची नोंदवही. ज्याची नोंद नाही त्याचा हुकूम कोण ऐकणार? जियांगशी प्रांतातला लोंगहू पर्वत हे या दीक्षेचं मुख्य ठाणं. जियांगसूतला माओशान आणि जियांगशीतलाच गझाओ धरून फूविद्येचे तीन पर्वत मानतात. चिनी म्हण आहे: मेख ठाऊक नसताना फू काढला तर भुतं-देव हसतात, मेख कळून काढला तर किंचाळतात.

पायरी ६ : अभ्यासाची प्रत काढा

हात चालवल्याशिवाय डोळा तयार होत नाही, म्हणून प्रत जरूर काढा. पुण्याचा हातकागद चांगला, कारण त्याची ओढ कुंचल्याला कळते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला की पिवळा होतो. टोकदार गोल कुंचला उभा धरा, मनगट टेकवू नका. आधी पावसाची खिडकी पन्नास वेळा, मग गुंडाळी एका श्वासात, मग 'छ-लिंग'. रंग साधा लाल पोस्टर कलर घ्या. हिंगूळ आणू नका, त्यात पारा आहे. शेंदूर तर मुळीच नको, ते शिसं आहे.

माझा स्वतःचा नेम असा की अभ्यासाच्या प्रतीत काळजाची जागा कोरी सोडायची आणि शिक्का काढायचा नाही. आपण दुसऱ्याच्या देवाघरचा दस्तऐवज शिकतोय. नक्कल कुठे थांबते ते कागदावरच दिसावं.

पायरी ७ : हाती आलेला फू कसा सांभाळायचा

दाराचा फू दारावर आतून किंवा बाहेरून उंचावर लावतात. अंगावरचा घडी घालून लाल पिशवीत ठेवतात. कित्येक ठिकाणी जाळून राख पाण्यात घालून पितात, इ.स. १८४ च्या पिवळ्या फेटेवाल्यांच्या बंडामागचा झांग जुए असंच पाणी आजाऱ्यांना देई. हे मात्र कुणीही करू नये. हिंगूळ तापला की पाऱ्याची वाफ सुटते, ती शरीरात जाते, आणि मुलांना ती सर्वांत घातक. आजाराला डॉक्टरच हवा.

कागदावर खरा हिंगूळ आहे का ते भिंगानं कळू शकतं: रंग कणीदार असतो, फटकाऱ्याच्या कडेला साचलेला दिसतो आणि उजेडात वर्षानुवर्षं राहिला तर काळवंडतो. तसा दिसला तर घासू नका, हाताळल्यावर हात धुवा, काचेत ठेवा, उन्हापासून दूर.

शेवटचा सराव गे होंगनं नोंदवलेल्या गोष्टीवरून घेतला आहे. तिसऱ्या शतकातल्या वू राज्यात ज्ये शियांग नावाचा माणूस होता, त्याला फू वाचता येत. लोकांनी त्याची परीक्षा घ्यायला निरनिराळे फू आणले, त्यांच्यावरच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि पुढे ठेवले. त्यानं एकेकाचं नाव सांगितलं, आणि जिथे नक्कल करताना चूक झाली होती ती दुरुस्त करून दिली. त्याच्यानंतर असा कुणी झाला नाही, असं गे होंग म्हणतो. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून वीसेक फूंची चित्रं उतरवून घ्या, खालची माहिती झाका आणि चार प्रश्न विचारा: कुणाच्या नावानं, कुणाला उद्देशून, काम काय, मोर्तब कुठे. मला वीसातले सहा-सात जमतात.

माझा कागद सध्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. चिनी वर्षाच्या बाराव्या महिन्यात, चोविसाव्या तिथीला देवांना निरोप देतात, त्या सुमारास जुने फू देवळात परत नेऊन आभार मानून जाळतात. मावसभाऊ त्याआधी एकदा येणार आहे, तेव्हा तो कागद त्याच्याबरोबर परत धाडायचा आहे.